खडकावरच्या पांढऱ्या रेघा

त्या माळावर गेल्या काही वर्षांत चोर सापडला नाही, असं कधीच झालं नव्हतं.

अंडं नाहीसं झालं की सहा मुंगसं ओळीत उभी राहत. जिचं अंडं गेलं ती पक्षीण समोरून चालत जाई आणि एकावर चोच रोखी. त्याला कोरड्या विहिरीत ढकलत. मग म्हातारा धनेश पक्षी खडकावर चुन्याची एक रेघ ओढी. पूर्वी मुंगसं एकेक करून आणत, तेव्हा वर्षाला साठ रेघा होत. एकत्र उभी केल्यावर ऐंशी झाल्या. म्हणून एकत्र उभं करणंच बरं, असं ठरलं. अंडी मात्र पूर्वीइतकीच जात होती. ते खडकावर मांडायची रीत नव्हती.

टिटवीचं अंडं गेलं तेव्हा ओळीत उभं राहायला करडीच्या भावाचं नाव आलं. करडी ही मुंगसाची तरुण पोर होती. तिचा बाप दोन वर्षांपूर्वी असाच विहिरीत गेला होता.

"धनेशबाबा, रेघ कशाची ओढता?"

"चोर ओळखल्याची."

"की चोच रोखल्याची? एकदा चोर नसलेली ओळ लावून बघा."

"चोर नसेल तर ओळ कशाला लावायची गं?" जमलेले सगळे म्हातारे हसले. "डोळे उघडून चार दिवस झाले नाहीत, निघाली आम्हाला मोजायला शिकवायला!"

"मी लावते. टिटवीमावशी 'यातला कुणीच नाही' म्हणाली, तर तुमचा खडक खरा. मग भावाला मीच घेऊन येईन."

"लाव."

करडी मुळ्यांना धरून विहिरीत उतरली. तिने सहा वाळकी कातडी वर आणली, त्यांत गवत भरलं आणि काठ्यांच्या आधाराने ती उभी केली. टिटवीने अंडं घालायच्या कितीतरी आधी ती सहाही मुंगसं मेली होती. तिसऱ्याचा कान फाटका होता. त्याला खाली ठेवून येणं तिला जमलं नव्हतं.

भर उन्हात टिटवी आली. रडून तिचे डोळे सुजले होते. ती दोनदा ओळीवरून फिरली आणि तिसऱ्यासमोर थांबली.

"हाच. हा कान मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"मेलाय तो!" करडी किंचाळली. "माझा बाप आहे तो!"

"साक्षीदाराने ओळखलं," धनेश म्हणाला. "एका अंड्याला एक चोर. तुझा भाऊ सुटला. जा घरी."

दोघा म्हाताऱ्यांनी कातडं उचलून विहिरीत टाकलं. ते पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

धनेशने चुना कालवला. बापाची जुनी रेघ खडकावर अजून होती. नवी रेघ तितकीच सरळ, तितकीच पांढरी उठली.