सागझरीची उंच अंडी

एक होतं जंगल. त्याचं नाव सागझरी. नावात साग होता आणि झरी होती. जंगलात साग थोडाच उरला होता आणि झरी जेमतेम ठिबकत होती. नाव मात्र सुस्थितीत होतं.

सागझरीचे राजे होते गवेराव. गवाच तो, अंगानं डोंगराएवढा. शिंगांमुळे त्यांच्या डोक्यावर मुकुट काही बसत नसे. आयुष्यात त्यांना झालेला तेवढाच एक विरोध.

आता झालं असं, की काही वर्षांपासून पाऊस वेड्यासारखा वागायला लागला. पूर्वी मृगात यायचा, पाहुण्यासारखा चार महिने राहायचा. आता दोन-दोन महिने तोंड दाखवायचा नाही, आणि आला की सगळं काम एका दुपारी उरकून चालता व्हायचा. समुद्रापलीकडे थंडवन नावाचं जंगल होतं. तिथल्या पांढऱ्या अस्वलांनी दोनशे वर्षं शेकोट्या पेटवल्या, त्या धुरानं आभाळ तापलं, असं लांबून उडत येणारे पक्षी सांगायचे. ऊब तिकडे मिळाली, चटके इकडे बसले.

सागझरीत पावसाचा अंदाज घ्यायची एकच जुनी रीत होती : बनू टिटवीची अंडी. टिटवी काही झाडावर राहत नाही. जमिनीवर खडे गोळा करते आणि त्यांच्यात खड्यांसारखीच ठिपक्यांची अंडी घालते. तिनं नदीच्या काठावर अंडी घातली की धो धो पाऊस, उतारावर घातली की बेताचा, आणि भर पात्रात घातली की समजायचं, यंदा काही खरं नाही. यात जादू नव्हती. मुंग्या कुठं चालल्यात ते बघायचं, वाऱ्याचा वास घ्यायचा, आणि पाणी पोचणार नाही अशा जागी लेकरं ठेवायची. बनूची आई हेच करायची.

यंदा बनूनं भर पात्रात अंडी घातली. चार.

"इतक्या खाली?" तिचा नवरा शिरपत म्हणाला. "पूर आला म्हणजे?"

"यायला पाहिजे ना तो! दोन नक्षत्रं तरी थेंब नाही, लिहून घ्या. आणि हे डबकं जवळ आहे ते बघा. पोट भिजवायचं आणि अंड्यांवर बसायचं. नाहीतर ह्या उन्हात पिल्लं उकडूनच निघतील."

शिरपतनं मुकाट्यानं पोट भिजवलं. टिटव्यांच्या संसारात वाद फार लांबत नाहीत, कारण ऊन थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस खात्याचे मंत्री पाहणीला आले. पिसाजीराव मोर. पाऊस येणार असला की ते नाचायचे. ते नाचले म्हणून पाऊस आला असं जनतेला वाटायचं, आणि हळूहळू त्यांनाही तसंच वाटायला लागलं होतं. बरोबर खात्याचे कारकून, घोरपड भाऊसाहेब. अंडी दिसली तसा मंत्र्यांचा पिसारा मिटला आणि भाऊसाहेबांची जीभ बाहेर आली. दोघांची कारणं वेगळी होती.

"बनुताई, हे काय करून ठेवलंत?"

"मी कुठं काय केलं, साहेब? तुम्ही मात्र एक करा. सगळ्यांना सांगा, पात्रात झिरे खणा. वाळूत खोल खड्डा घेतला की पाणी आपोआप पाझरून वर येतं. आणि ओढ्याला दगड आडवे लावा, म्हणजे जेव्हा कधी येईल ते पाणी पळून जाणार नाही. फुकटचं काम आहे."

"तीच तर अडचण आहे ना, ताई," मंत्री कळवळून म्हणाले. "फुकटचं काम कोण करतं? आणि झिऱ्याचं उद्घाटन करायचं म्हणजे वाकावं लागणार. श्रावणात निवडणूक आहे. महाराज वाकत नाहीत."

दरबार भरला. गवेरावांनी विचारलं, "पाऊस कमी का पडणार आहे?"

"अंडी खाली आहेत म्हणून, महाराज."

"मग अंडी वर न्या."

दरबारानं माना डोलावल्या. इतका सोपा उपाय इतक्या वर्षांत कुणालाच सुचला नव्हता. एक म्हातारं घुबड चाचरत म्हणालं, "पण महाराज, शास्त्र असं सांगतं की..."

"शास्त्राला आपण हात लावत नाही," गवेराव म्हणाले. "अंड्यांना लावतो."

आणि योजना जाहीर झाली : 'अंडं वर, पाणी घरोघर!' त्याच फर्मानात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की झिरा खणणं म्हणजे पावसावर अविश्वास दाखवणं, आणि असा अविश्वास कुणाच्या नखांना माती लागलेली दिसली तरी सिद्ध मानला जाईल.

वाजतगाजत अंडी काठावर गेली. वानरांना ठेका मिळाला होता. एका अंड्याला आठ वानर, आणि आठांवर देखरेखीला सोळा. बनू वरून ओरडत होती, "अरे हळू, मेल्यांनो! लेकरं आहेत ती, नारळ नाहीत!" तिचं ओरडणं योजनेला मिळालेला जनतेचा पाठिंबा म्हणून नोंदलं गेलं.

काठावर सावली नाही, पाणी नाही. बनू आणि शिरपत दिवसभर डबक्याकडे खेपा घालायचे. पोट भिजवायचं, वर यायचं, बसायचं. निम्मं पाणी वाटेतच वाळायचं. चौथ्या दिवशी शिरपतला भोवळ आली.

तोवर विरोधी पक्षाचा तरस सभेत गरजला, "काठ? काठावर तर कुणीही ठेवील! आमचं राज्य आलं तर अंडी टेकडीवर नेऊ!"

गवेराव मागे कसे हटणार? त्यांनी जाहीर केलं, टेकडीवर मनोरा, आणि मनोऱ्यावर अंडी. मनोऱ्याला लाकूड हवं. उरलेला साग झरीच्या तोंडाशी होता, तो तोडला. आठ दिवसांत झरी थांबली. पाऊस खात्यानं पत्रक काढलं, की झरी रजेवर आहे.

मनोरा पुरा झाला आणि संध्याकाळी अंडी वर जाणार, हे बनूला कळलं. तिथं एका दुपारीच चारही अंडी भाजून निघाली असती. ती तडक गोजरा रानडुकरिणीकडे गेली.

"गोजराबाई, एक काम आहे. तोंडानं करायचं, पण तोंड आवळून."

भर दुपारी वानर लांबच्या आंब्याखाली घोरत असताना गोजरानं एकेक अंडं जिभेवर धरून पात्रात नेलं आणि डबक्याशेजारी पहिल्या जागी ठेवलं. डुकराच्या जातीला अंडं म्हणजे पेढा. तिच्या तोंडाला सुटलेलं पाणी हनुवटीवरून टपटप गळत होतं. चौथ्या अंड्याला तिला शिंक आली. गोजरानं डोळे गच्च मिटले, शेपूट ताणली, आणि शिंक कुठून तरी दुसरीकडून सोडून दिली.

"मैत्रीखातर हो, बनुताई," अंडं ठेवून ती म्हणाली. "परत असलं काही सांगू नका. जीव जातो."

काठावर बनूनं चार ठिपक्यांचे गोटे मांडून ठेवले होते. संध्याकाळी ते गोटे ढोलताशांच्या गजरात मनोऱ्यावर चढले. गवेरावांनी खालून नमस्कार केला, मंत्र्यांना गहिवरून आलं. अंड्यांच्या रक्षणासाठी, अनुभव बघून, घोरपड भाऊसाहेबांची नेमणूक झाली.

पहिल्याच दिवशी मनोऱ्यावरून 'कट्‌' असा आवाज आला. दुसऱ्या दिवशीही आला. भाऊसाहेब सुजलेल्या जबड्यानं खाली उतरले आणि अहवाल दिला, "अंडी शुखरूप आहेत." तक्रार कुठं करणार? गोटे निघाले म्हणावं, तर चावून का बघितले हे सांगावं लागलं असतं.

इकडे डबकं आटत चाललं. अंडी फुटायला अजून बारा दिवस होते आणि पाणी उरलं होतं जेमतेम चार दिवसांचं. झिरा खणायला बंदी. बनू विचार करत बसली. तेवढ्यात बातमी आली, की थंडवनातून पांढऱ्या अस्वलांचं शिष्टमंडळ मनोरा बघायला येतंय. बनूचा चेहरा उजळला. ती मंत्र्यांकडे गेली.

"साहेब, पाहुण्यांना कमानी किती उभारताय?"

"बारा."

"बाराच? तरसाच्या मेव्हण्याच्या लग्नात पंधरा होत्या म्हणे."

मंत्र्यांची मान ताठ झाली. "पन्नास! लिहा, भाऊशाहेब!" घाईत त्यांनीही भाऊसाहेबांचाच उच्चार केला.

"आणि मिरवणूक पात्रातूनच आणा, डाव्या कडेनं. सरळ आहे, रुंद आहे. खांबांचे खड्डे तेवढे खोल घ्या हां, वाळू ती. सगळ्यांसमोर कमान आडवी झाली तर शोभायचं नाही."

"किती खोल?"

"ओल लागेपर्यंत. ओल लागली की समजायचं, पाया पक्का. आणि व्यासपीठ ओढ्यावर आडवं घाला. दगडी."

"दगडी कशाला?"

"महाराजांचं वजन, साहेब."

मंत्र्यांनी तेही लिहून घ्यायला लावलं. दोन दिवसांत सगळी रानडुकरं, साळिंदरं आणि अस्वलं सरकारी कामावर लागली. ज्यांच्या नखांना कालपर्यंत भीती होती, त्यांच्या नखांना आज हार घातले. एका कमानीला दोन, असे शंभर खड्डे झाले. सगळा साग मनोऱ्यात गेल्यामुळे खांब मात्र अठराच आले. उरलेल्या ब्याऐंशी खड्ड्यांत सकाळी काठापर्यंत पाणी होतं. बनूनं पहिल्या खड्ड्यात पोट बुडवलं आणि तशीच, हलायचं नाव न घेता, क्षणभर बसून राहिली.

पाहुणे आले. घामानं निथळत, एकमेकांना वारा घालत. पुढे गवेराव, मागे पांढरी अस्वलं, त्यांच्या मागे अख्खं जंगल. मिरवणूक पात्रातून निघाली आणि सरळ अंड्यांच्या रोखानं यायला लागली. हे मात्र बनूच्या हिशोबात नव्हतं. कमानी तिनं मागितल्या होत्या डावीकडे, पण वानरांनी नऊही कमानी उजवीकडे ठोकल्या होत्या, तिकडे सावली होती म्हणून.

वीस पावलं. पंधरा. शिरपत अंड्यांवर दगडासारखा बसून होता.

बनूनं मिरवणुकीपुढे झेप घेतली, धपकन पडली आणि एक पंख फरफटत विव्हळायला लागली. "मेले गं, मोडला गं पंख!"

एरवी गवेराव तुडवून गेले असते. पण पाहुणे बघत होते. "आमच्या राज्यात साधी टिटवीसुद्धा एकटी नाही!" असं म्हणून ते तिच्याकडे वळले. पाहुण्यांनाही सेवा करताना दिसायचं होतं, तेही वळले. बनू लंगडत चार पावलं पुढे. महाराज चार पावलं मागे. "थांब, बाई, तुला मदत करायचीय!" "नको, महाराज, तुम्ही कशाला त्रास घेता!" असं करत करत तिनं सगळं राज्य डावीकडून ओढून नेलं आणि व्यासपीठाशी पोचल्यावर भुर्रकन उडाली.

"बघा," मंत्री ओरडले, "महाराजांच्या नुसत्या पाठलागानं बरी झाली!" टाळ्या पडल्या.

अस्वलांच्या प्रमुखानं मनोरा पाहिला आणि प्रमाणपत्र दिलं. "तुम्ही इथं अंडी उंच ठेवा, आम्ही तिकडे तेवढ्याच शेकोट्या निर्धास्तपणे पेटवू. याला समतोल म्हणतात." शिवाय उष्णतेशी लढायला म्हणून लोकरीचं एक पांघरूण भेट दिलं.

मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. पण कोणी तहानेनं मेलं नाही. सगळे खड्ड्यांवर यायचे. त्यांना झिरे म्हणायला बंदी होती, म्हणून सगळे म्हणायचे, "जरा कमानीवर जाऊन येतो."

आणि एका सकाळी चारही अंडी फुटली. बनूनं मोजलं, परत मोजलं, शिरपतला मोजायला लावलं. चारच.

तिसऱ्या दिवशी पुनर्वसू नक्षत्राच्या तोंडावर बनूनं वाऱ्याचा वास घेतला आणि पिल्लांना हाकत काठावर नेलं. त्याच दुपारी ढगफुटी झाली. मनोरा कोसळला. ओढ्यावरचं दगडी व्यासपीठ मात्र हललं नाही, आणि त्याच्यामागे पाणी तुंबून चांगलं तळं झालं.

तळ्याकाठी गवेरावांची प्रचारसभा झाली. "मनोऱ्यावरच्या अंड्यांनी पाऊस आणला!" ते म्हणाले, आणि नेमकी तेव्हाच चार पिल्लं तुरुतुरु चालत पाण्याशी आली.

"महाराज," गोजरा गर्दीतून ओरडली, "अंडी तर इथं फुटली! मग वर काय ठेवलं होतं?"

बनूनं पिल्लं पंखाखाली घेतली. चार गोटे चिखलातून शोधून आणले गेले. भाऊसाहेबांना पुढे ढकललं.

"टणक आहेत, महाराज," ते कसेबसे म्हणाले. "माझे दोन दात गेले."

गवेरावांनी त्या वर्षात पहिल्यांदाच विचार केला.

"उन्हात तापले, हलले नाहीत," ते हळूहळू बोलू लागले. "मनोऱ्यावरून पडले, कुरकुरले नाहीत. चावून बघितलं तरी तोंडातून चकार शब्द नाही. आणि मागितलं काय? काहीच नाही. बंधूंनो, असे कार्यकर्ते आजकाल कुठं मिळतात?"

गोट्यांना तिथल्या तिथे हार घातले आणि उमेदवारी दिली.

श्रावणात निवडणूक झाली. तीन गोटे निवडून आले, चौथा पडला. पडलेल्याला पाऊस खातं मिळालं. कारभारात काही फरक पडल्याचं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही.