चौथा खांदा

“...मग माणसं इतकी जोडली गेली, तरी एकटी का पडली? बुवा, एवढंच उत्तर मला प्रबंधात सापडलं नाही.”

निरंजननं नागनाथबुवांना विचारलं. मठाच्या ओसरीवर बसून ते वाती वळत होते. वाती वाकड्यातिकड्या होत होत्या. हे काम पूर्वी त्यांची बहीण, आक्का करी.

निरंजन लहानपणी याच मठात राहून शिकला. आता तो शहरात समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. मोबाइलनं समाजाचं काय केलं, यावर त्यानं जाडजूड प्रबंध लिहिला, त्याला डॉक्टरेट मिळाली, आणि स्वारी पेढे घेऊन गुरूंकडे आली होती.

“पूर्वी माणूस माणसाच्या दारात जायचा,” तो वर्गात शिकवावं तसं सांगत होता. “आता सगळं पडद्यावर. दुःखसुद्धा तिथंच उरकतं. मी हे आकडेवारीनं सिद्ध केलंय.”

“असं?”

“हो. आता त्याचं पुस्तक करतोय. शेवटच्या प्रकरणासाठी तुमचा शब्द हवा.”

बुवांनी हातातली वात खाली ठेवली.

“आक्का गेल्याचं तुला कळलं होतं?”

“लगेच कळलं, बुवा. मठाच्या जुन्या विद्यार्थ्यांचा ग्रुप आहे ना, त्यावर. मी लिहिलंही होतं... सगळ्यात आधी माझंच होतं.”

“काय लिहिलंस?”

“भावपूर्ण श्रद्धांजली.” थोडं थांबून तो म्हणाला, “आणि जोडलेले हात.”

“पाहिले मी. पोस्टमनच्या सुनेनं तिच्या फोनवर दाखवले. ती बोटानं वर सारत होती, आणि हात काही संपेनात.”

निरंजनला बरं वाटलं. “सगळ्यांचाच जीव होता आक्कावर.”

“होता की...” बुवा म्हणाले. “तिरडीला चौथा खांदा मिळत नव्हता.”

बुवांनी खाली ठेवलेली वात पुन्हा हातात घेतली.

“दुपारची वेळ. गावातली पोरं कारखान्यात कामाला गेलेली. शेवटी रस्त्यानं जाणारा एक ट्रॅक्टरवाला थांबवला. भला माणूस. त्यानं विचारलं, म्हातारीला पोरंबाळं नव्हती का?”

“तुम्ही काय सांगितलं?”

“म्हटलं, पुष्कळ आहेत.”

निरंजनची मान खाली गेली. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. एसटीही होती. पण प्रबंधाचं एक प्रकरण संपवायचं राहिलं होतं, एकाकीपणावरचं. ग्रुपवर चार शब्द टाकले आणि तो पुन्हा लिहायला बसला. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

याच आक्कानं त्याला चुलीपुढे बसवून गरम भाकरी वाढली होती. गावात कुणी गेलं की ती त्याचं बोट धरून त्या घरी भेटायला नेई. एकदा तिथून निघताना तो सवयीनं ‘येतो’ म्हणून गेला, तर वाटेत तिनं त्याचा कान धरला.

“दुःखाच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणू नये रे. नुसतं बसावं त्यांच्याजवळ, आणि मुकाट उठावं.”

समोर पेढ्यांचा पुडा होता. आक्का गेल्यानंतर या ओसरीवर तो आज पहिल्यांदाच बसला होता, आणि येताना पेढे घेऊन आला होता. त्यानं पुडा उचलून पिशवीत ठेवला.

“बुवा, मी...”

बुवांनी हातानंच त्याला थांबवलं. कापसाची टोपली त्याच्याकडे सरकवली.

दोघं वाती वळत बसले. निरंजनच्या वातीही वाकड्याच होत होत्या. आक्काची वळलेली वात कशी सरळ असायची हे त्याला आठवलं आणि डोळे भरून आले. त्यानं ते पुसले नाहीत. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं. पुस्तकाचा विषय पुन्हा निघाला नाही.

टोपलीतला कापूस संपला तेव्हा निरंजन उठला. पिशवी घेतली. बुवांकडे एकदा पाहिलं. ‘येतो’ म्हणाला नाही. चपला पायात सरकवून मुकाट फाटकाकडे चालू लागला.

मागून बुवांचा आवाज आला.

“आत्ता आलास, निरंजना...”