बर्फ दिसला की मीठ

धाकट्या जावेची सुखरूप सुटका होऊ दे, मी एकवीस संकष्ट्या करीन आणि चंद्रोदयाची वाट बघत ताटकळलेल्या उपाशी मंडळींना दर खेपेला एक हसरी गोष्ट सांगीन, असं मी एकदा गणरायाला बोलले होते. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. तेव्हापासून सांगतेय. पोट रिकामं असलं की हसायला जागा जास्त, म्हणून नीट ऐका.

एका गावात यमाजी नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? 'दाराकडे लक्ष ठेव' म्हटलं, तर चोर खिडकीतून सामान नेत असताना हा दाराकडे बघत बसला होता. वर म्हणाला, "दाराला कुणी हात नाही लावला."

त्याच्या बायकोचं नाव गोजरा. गाव असं तापणारं, की दुपारी माठातलं पाणीही कोमट. गोजरानं एकदा कॅलेंडरवर बर्फाचा डोंगर बघितला आणि देवापुढे बोलून बसली, "हा डोंगर डोळ्यांनी बघेपर्यंत चहात साखर घालणार नाही." चार वर्षं झाली, बाई कडू चहा पीत होती.

यमाजीचा जीव तुटायचा. शेवटी त्यानं खटपट करून पार हिमालयात, एका मोठ्या रिसॉर्टवर नोकरी मिळवली. हिवाळ्यात तिथं लोक पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत. उन्हाळ्यात पाण्यात घसरत. पाऊस ओसरला की तंबूत राहत. बारा महिने पाहुणे. आणि नियम असा, की ज्या कामगारानं पुरतं एक वर्ष काढलं, त्याच्या घरच्यांना चार दिवस पाहुणे म्हणून बोलवायचं. मध्येच काढून टाकलं, तर काही नाही.

तिथले मॅनेजर बोंद्रे साहेब आपल्याकडचेच होते. पहिल्याच दिवशी दारापुढची वाट गोठून काचेसारखी झाली होती. साहेब म्हणाले, "यमाजी, बर्फ दिसला की मूठभर मीठ टाकायचं. म्हणजे पाहुणे पडत नाहीत."

"बरं साहेब."

दुपारी जेवणघरात एक बाई लिंबाचं सरबत घेऊन बसल्या होत्या. पेल्यात बर्फ. यमाजीनं मूठभर मीठ टाकलं. बाईंनी घोट घेतला आणि तो सगळा समोर बसलेल्या नवऱ्याच्या स्वेटरवर गेला.

"अहो, हे काय केलंत?"

"आता तुम्ही पडणार नाही," यमाजी म्हणाला.

साहेबांनी बोलावून घेतलं. "सामान बांध!"

"बांधतो. पण साहेब, घरी बायको कडू चहा पिते हो."

सगळी हकीकत ऐकून साहेबांचा राग अर्धा झाला. "बरं, राहा. पण पाहुण्यांच्या बाबतीत काहीही करण्याआधी 'चालेल का?' असं विचारायचं. उत्तर येईपर्यंत जागचं हलायचं नाही."

"बरं साहेब."

दुसऱ्या दिवशी एक जाडजूड गृहस्थ उतारावरून भरधाव खाली आले. पायांतल्या पट्ट्या त्यांचं ऐकेनात. "धरा! मला धरा!" ते ओरडले.

यमाजी वाटेतच उभा होता. "धरलं तर चालेल का?"

गृहस्थ पुढे निघून गेले आणि बर्फाच्या ढिगात डोक्याकडून घुसले. बाहेर फक्त पाय राहिले. यमाजी पायांपाशी वाकला. "धरलं तर चालेल का?" पाय काही बोलेनात. हा उभाच.

"अरे, माणूस घसरत येताना दिसला की विचारतोस काय?" साहेबांनी कपाळाला हात लावला. "धावत जायचं, कवेत घ्यायचं, घट्ट धरायचं!"

"बरं साहेब."

उन्हाळा आला. बर्फ वितळला. पाण्याची उंच घसरगुंडी सुरू झाली. साताऱ्याचे एक निवृत्त हेडमास्तर चड्डी घालून मोठ्या हौसेनं घसरत आले. यमाजीनं कपड्यांनिशी पाण्यात उडी टाकली आणि त्यांना कवटाळलं.

"सोड! सोड मेल्या!"

"घाबरू नका गुरुजी. मी आहे."

मास्तरांची सून काठावरून फोटो काढत होती, ते त्यांना जास्त लागलं.

साहेब म्हणाले, "सामान..." आणि गप्प झाले. कडू चहा आठवला असणार. "यमाजी, इथं लोक मजेसाठी येतात. ओरडतात तेही मजेनं. कुणी ओरडलं की हात लावायचा नाही. लांबून टाळ्या वाजवायच्या, 'वा वा, पुन्हा एकदा!' म्हणायचं."

"बरं साहेब."

पाऊस ओसरला, तंबू लागले. एका आजींची पिशवी माकडानं हिसकावली. आजी किंचाळल्या. यमाजीनं कडकडून टाळ्या वाजवल्या. "वा वा, पुन्हा एकदा!"

माकड खरंच पुन्हा आलं. या खेपेला चष्मा नेला.

आता वर्ष भरायला थोडेच दिवस उरले होते. साहेब दात आवळून म्हणाले, "शेवटचं सांगतो. किंकाळी ऐकू आली की टाळ्या नाहीत. जे काही चालू असेल ते आधी बंद करायचं. आणि मी स्वतः तुझ्यापाशी येऊन सांगेपर्यंत सुरू करायचं नाही. मग कुणी कितीही ओरडो, फोन करो!"

"बरं साहेब."

आणि काय सांगू, वर्ष भरलं! गोजरा आली. यंदा खाली अजून बर्फ पडला नव्हता, नुसतं दाट धुकं; बर्फ होता वर डोंगरावर. साहेबांनाच कौतुक फार. ते म्हणाले, "चला वहिनी, मी स्वतः दाखवतो." रिसॉर्टचे मालकही सोबत निघाले. तिघं रोपवेच्या पाळण्यात बसली. पाळणा चालवणारा कळ दाबून जेवायला गेला. यमाजी कळीपाशी राखणीला उभा राहिला.

पाळणा धुक्यातून वर निघाला. समोर सगळा डोंगर पांढराशुभ्र, उन्हात झळाळणारा. गोजरानं दोन्ही हात गालांवर ठेवले आणि आनंदानं अशी किंकाळी फोडली, की ती खालपर्यंत आली.

यमाजीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. कळ बंद केली.

पाळणा दरीच्या बरोब्बर मधोमध थांबला आणि डुलायला लागला. मालकांनी डोळे मिटून साहेबांचा दंड धरला. साहेबांनी फोन लावला.

"यमाजी, कळ दाब!"

"कोण बोलतंय?"

"अरे मी! बोंद्रे!"

"आवाज तुमचाच आहे," यमाजी म्हणाला. "पण फोनवर नाही जमायचं साहेब. तुम्ही असं करा, इथं या, मला सांगा, की लगेच तुम्हाला खाली आणतो."

मालक रामरक्षा म्हणत होते. साहेब फोनकडे बघत होते. आणि गोजरा? ती काचेला नाक लावून बर्फ बघत होती आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. म्हणाली, "साहेब, आमच्या ह्यांनी ऐकलं मात्र तुमचं शब्दन् शब्द!"

तर बायांनो, घरोघरी एखादा यमाजी असतोच. त्यानं घोळ घातला की तुम्हीही गोजरासारखंच करा. आधी पोट धरून हसा. रागवायचं ते पाळणा खाली आल्यावर बघू.