कोठडीचा अडसर

एकदा एका पडक्या मठाच्या आवारात, नंतर बांधलेल्या खोल्यांत, एक वृद्ध गुरू आणि त्याचा शिष्य राहत होते. मठ सातशे वर्षांपूर्वी आगीत गेला होता. उरली होती ती शिष्यांच्या कोठडीची दगडी चौकट आणि मागची काळी भिंत. दरवर्षी आगीत गेलेल्यांच्या पुण्यतिथीला माणसं जमत आणि गुरू कथा सांगे. आग लागली तेव्हा चाळीस शिष्य आत ध्यानस्थ होते, ज्वाळा अंगावर आल्या तरी एकही उठला नाही. ऐकणारे रडत, आणि जाताना गुरूच्या पायांवर डोकं ठेवत.

पुण्यतिथीच्या आदल्या सकाळी गुरू स्वतः त्या चौकटीला चुना लिंपी. शिष्याला त्यात सेवा दिसे. यंदा म्हाताऱ्याचे हात कापत होते. त्याने थापी शिष्याच्या हातात दिली. उद्याची कथाही तूच सांग म्हणाला, माझ्यामागे गादी तुझीच.

जुना चुना पावसाने गळाला होता. चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, दोन्हीकडे समोरासमोर, अडसर सरकवायच्या खोल खोबणी उघड्या पडल्या होत्या. शिष्याने आत जाऊन पाहिलं. आतल्या अंगाला एकही नव्हती.

"महाराज, ती पोरं उठली असती तरी बाहेर आली असती कुठून?"

गुरू शांतपणे म्हणाला, "माझ्या गुरूंना मीही हेच विचारलं होतं. पोरं घराच्या ओढीने पळायची, म्हणून बाहेरून अडसर घालत. तो काढायचं काम ज्याच्याकडे होतं, आग लागताच तोच आधी पळाला. मागे सांगायला तो एकटाच उरला. ध्यानाची कथा त्याची, आणि आपली परंपराही त्याच्यापासूनची. लोकांना श्रद्धा लागते, बाळ. लिंपून टाक."

शिष्याने लिंपलं आणि हात धुवायला आपल्या खोलीकडे गेला. चार वर्षं तो तिथे निजत होता. दाराला कडी बाहेरून होती. आतून नव्हतीच. हे त्याला आज दिसलं.

तो परत फिरला. चुना अजून ओला होता.

दुसऱ्या दिवशी माणसं आली तेव्हा जुन्या कोठडीच्या चौकटीवर बाभळीचा वासा आडवा घातलेला होता, बाहेरून, दोन्ही खोबणींत घट्ट. शिष्य शेजारी बसला होता. चुन्याने सोललेली बोटं त्याने झाकली नाहीत, कथाही सांगितली नाही. एक बाई पुढे झाली. तिने वाशावर हात ठेवला, क्षणभर थांबली आणि आपल्या पोराला पोटाशी ओढलं. गुरू नेहमीच्या जागी पाय पुढे करून बसला होता. कुणी वाकलं नाही.

पडक्या दारापुढे हात जोडण्याआधी त्याचा अडसर कुठल्या बाजूला होता, ते बघून घ्यावं.