बाळ येशूच्या गालावरचे वण

चपला इथंच काढा आणि पाणी उतरेपर्यंत या बांधावर टेका. समोर धुक्यात तिवरांची काळी रेघ दिसते ना, ते देवबेट. आमच्या खाडीत होड्यांना तोटा नाही, पण नाताळच्या सकाळी आमच्या दांडेखार गावातलं कुणी होडीनं तिकडे जात नाही. म्हातारेकोतारेसुद्धा गुडघाभर चिखल तुडवत चालत जातात.

का, ते सांगतो. मी पाहिलेलं नाही. माझ्या आजीला तिच्या आजीनं सांगितलेलं.

फार पूर्वी गावात देवीची साथ आली. अंगभर फोड यायचे, आणि जो जगायचा त्याच्या चेहऱ्यावर कायमचे वण राहायचे. ज्याला फोड दिसले त्याला बेटावर पोचवायचं, असं गावानं ठरवलं. तिथं झावळ्यांच्या खोपी बांधल्या. सकाळी एक होडी जायची, कातळावर पेजेची मडकी ठेवायची आणि माघारी फिरायची. लोक निर्दय नव्हते. संध्याकाळी सगळे याच बांधावर जमून, बेटाकडे तोंड करून प्रार्थना म्हणायचे. पाण्यावरून आवाज तरंगत जायचा आणि तिकडून 'आमेन' यायचं म्हणे. पुढे ते येईनासं झालं. मडकीही भरलेलीच परत येऊ लागली.

गावात जाकीन नावाचा तरणा सुतार होता, विधवा आईचा एकुलता एक. त्या वर्षी देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, नाताळच्या गव्हाणीसाठी त्यानं शिवणीच्या लाकडात बाळ येशू कोरला होता. गाल असे नितळ, की हात लावला तर ऊब लागेल असं वाटावं. नाताळच्या आदल्या दिवशी तो होडीबरोबर गेला आणि कातळाशी उभं राहून ओरडला, "उद्या नाताळ आहे! देव जन्माला येतोय!"

खोपीतून मोरी नावाच्या बाईचा आवाज आला. तिचं लेकरू नुकतंच तिथं दगावलं होतं.

"येत असेल तिकडे," ती म्हणाली. "इकडे कोण येतंय?"

जाकीन घरी आला तो जेवलाच नाही. बेटावर जातो म्हणाला.

"मूर्ती धाडून दे," आई म्हणाली. "होडीवाला ठेवेल कातळावर. तुला अजून देवी आलेल्या नाहीत, बाळा."

"ठेवून परत फिरायचं, तर पेजेच्या मडक्यात आणि देवात फरक काय राहिला, आये? त्यालाही वरूनच हाक मारता आली असती. पण तो बाईच्या पोटी आला."

आई उठली. मग तिनं आपलं धुतलेलं लुगडं फाडलं आणि बाळाला त्यात गुंडाळून दिलं.

सकाळी होडीवाल्यानं त्याला न्यायला नकार दिला, तेव्हा जाकीन ओहोटीत उतरला. असं धुकं गावानं पुन्हा पाहिलं नाही, असं सांगतात. बांधावरून आईला आधी त्याचे पाय दिसेनासे झाले, मग खांदे, मग नुसतं ते पांढरं फडकं तरंगत चाललेलं दिसलं. वाटेतले बगळे उडाले नाहीत म्हणे, हळूच बाजूला सरकले.

बेटावरच्यांनी तोंडं झाकून घेतली. जाकीन त्यांच्यात जाऊन बसला आणि त्यांच्याच मडक्यातली पेज प्यायला. मग तो राहिलाच. त्यानं जखमा धुतल्या, कडुनिंबाचे डहाळे अंथरले, गेलेल्यांना माती दिली, राहिलेल्यांना घास भरवले. संध्याकाळी बेटावरून पुन्हा 'आमेन' येऊ लागलं. त्यात आता जाकीनचाही आवाज होता. आई तो ओळखायची.

मग त्याच्याही अंगावर फोड उठले. मोरीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"भिऊ नको," ती म्हणाली. "मी आहे इथं."

पहाटे तो गेला. उजाडताना धुकं पिवळं झालं, तेव्हा मोरीला दिसलं: बाळ येशूच्या दोन्ही गालांवर वण उमटले होते. काही जण म्हणतात, जाकीननंच पटाशीनं कोरले असतील. पण मोरी मरेपर्यंत सांगायची, की त्याच्या बोटांत पाण्याची वाटी धरायचंही बळ उरलं नव्हतं.

साथ ओसरली. वाचलेली माणसं चिखलातून चालत गावाकडे आली, पुढे मोरी, तिच्या हातात मूर्ती. गाव बांधावर मान खाली घालून उभं होतं. जाकीनची आई पुढे झाली. तिनं बाळाच्या गालावरून बोट फिरवलं, मग तेच बोट मोरीच्या गालावरून फिरवलं.

कुणीतरी म्हणालं, "वणांत लाख भरून रंग देऊ. पूर्वीसारखी होईल मूर्ती."

"नको," आई म्हणाली. "आता कुठं तो आपल्यातला दिसतोय."

आजही रंगारी गव्हाण रंगवतो, पण त्या गालांना ब्रश लावत नाही. आजही गावात कुणी अंथरुणाला खिळलं की मूर्ती त्याच्या घरी नेतात, आणि जो नेतो तो तिथंच जेवतो, तिथंच निजतो, आजारी माणूस उठून बसेपर्यंत. गेल्या पावसाळ्यात मी तापानं पडलो, तेव्हा शेजारची रेजिन मूर्ती घेऊन आली. मी म्हटलं, "पोरी, घरी जा, तुलाही ताप लागेल." ती हसली, आणि माझ्याच ताटात भाकरी मोडून जेवायला बसली.