ठकूबाईच्या परसातली पंगत

मोरदरा हे आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. नकाशात शोधायला जाल तर बोट फिरवून दमाल; पण म्हणून आम्हा मोरदरेकरांची मान कधी खाली गेली नाही. का जावी? श्रीरानबुवा महाराजांनी मोठमोठ्या गावांची बोलावणी बाजूला सारून आपली झोळी टांगली ती आमच्याच वेशीवरच्या चिंचेला! त्या चिंचेखाली त्यांचा मठ. मठ कसला, चार कुडाच्या भिंती आणि एक भलीमोठी चूल. आलेला माणूस तिथून उपाशी परतत नसे. स्वतः जेवायला बसले की महाराज पहिला घास पानाबाहेर ठेवत. कोणासाठी, असं कोणी विचारलं तर म्हणत, "ज्याला भूक सांगता येत नाही, त्याच्यासाठी."

माघ महिन्यात मठाचा उत्सव होई. त्या पंगतीला हरभऱ्याची डाळ घातलेली कोबीची भाजी असे, आणि तो कोबी कोणाकडून यायचा हा गावातला मोठा मान होता. कित्येक वर्षं तो गुणाजीअण्णा शेवाळ्यांकडे होता. अण्णांचा मळा मोठा, विहीर बारमाही, आणि तोरा या दोन्हींहून मोठा! वाजतगाजत गाडीभर कोबी आणायचे.

एका उत्सवात अण्णांच्या गाडीमागून ठकूबाई रासकर आली. एकटी विधवा बाई, घरामागच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर भाजी पिकवून पोट भरणारी. तिच्या पदराखाली एकच गड्डा होता. महाराजांनी तो दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "पुढच्या साली पंगतीची भाजी ठकूबाईच्या परसातली."

अण्णा मोठ्याने हसले.

"महाराज, परस केवढं, पंगत केवढी! आणि आला तरी तो कोबी अळीच्याच पोटात जायचा. माझ्याकडे फवाऱ्याचा पंप आहे, शहरातलं जालीम औषध आहे. हिच्याकडे काय आहे?"

"हिच्याकडे मी आहे," महाराज म्हणाले.

पुढे कार्तिक लागला तशी महाराजांनी ठकूबाईच्या ओंजळीत मूठभर मोहरी ओतली. "आधी वाफ्यांच्या चारी कडांना ही पेर. ती वर आली की मग कोबीची रोपं लाव. मोहरीवर अळी येईल. तिला मारायचं नाही, मोहरी उपटायची नाही. ते अळीचं पान आहे. तिचं पान वाढलेलं असलं की ती तुझ्या पानाकडे वळणार नाही."

ठकूबाईने साठ रोपं लावली. मोहरी तरारली आणि बघता बघता अळ्यांनी भरली. कोबीच्या पानाला मात्र एक भोक नाही! पण लोकांना मोहरीच दिसत होती. शेजारणी म्हणाल्या, "अगं उपटून टाक ती घाण." अण्णा तर कुंपणाशी मुद्दाम थांबायचे.

"काय ठकूबाई, अळ्यांना आवतण धाडलंस का? हळदीकुंकू तेवढं राहिलंय बघ!"

"महाराजांनी सांगितलंय, अण्णा."

"मग महाराजांनाच वाढ अळ्यांची भाजी!"

स्वतःच्या मळ्यात अण्णांनी आठवड्याला फवारणी चालवली होती. वर गोफणवाले बसवले होते, एक पाखरू मळ्यात उतरू द्यायचं नाही म्हणून. इकडे ठकूबाईचा जीव टांगणीला. मान गेला तर गेला, पण आपल्यापायी महाराजांना कोणी हसू नये, एवढंच तिला वाटे. मोहरी उपटायला तिचा हात किती वेळा गेला असेल! पण दर वेळी तिने तो मागे घेतला.

उत्सवाला तीन दिवस उरले. सकाळी ठकूबाई परसात आली आणि बघते तर काय! मोहरीला एक पान उरलं नव्हतं, नुसत्या काड्या! आणि अळ्या खाली उतरून कोबीकडे निघाल्या होत्या. ती तशीच मठाकडे धावली.

"महाराज, पानं संपली हो! आता माझा कोबी जाईल. माझं राहू द्या, तुमचा शब्द खोटा पडेल!"

महाराज चुलीपाशी बसले होते. ते शांतपणे उठले. "अगं, पहिली पंगत उठली. आता शेवटची बसायची नाही का?"

ते निघाले तसं गावही मागे निघालं. अण्णाही आले, मजा बघायला. महाराजांनी वाफ्यांच्या मधोमध पाण्याने भरलेली परात ठेवायला सांगितली. मग कुंपणाशी उभं राहून, दारी आलेल्या पाहुण्यांना हाक मारावी तशी त्यांनी वर हाक मारली, "चला मंडळी, पानं मांडली आहेत!"

आणि काय सांगू! मठाच्या चिंचेवरून, देवळाच्या कळसावरून, डोंगराकडून साळुंक्या आणि चिमण्यांचे थवे आले. कोबीच्या दोन ओळींमधल्या सऱ्यांत ओळीने बसले, अगदी पंगतीला बसावं तसे. माझ्या आजोबांनी हे जवळून पाहिलं. ते सांगत, एका चोचीने कोबीच्या पानाला धक्का लावला नाही. जमिनीवर अळी उरली नाही तेव्हा पाखरं परातीतलं पाणी प्यायली आणि उडून गेली. ठकूबाई हात जोडून रडत होती.

"पाखरंच ती, येतात कधीमधी," अण्णा पुटपुटले आणि घरी गेले.

उत्सवाच्या दिवशी त्यांनी आपली गाडी भरून आणलीच. "बाईचा कमी पडला, तर असू द्या म्हटलं."

"आणलाय तर चिरा," महाराज म्हणाले.

ठकूबाईच्या कोबीची भाजी चुलीवरून उतरत होती; मागे राहिलेला तिचा एक गड्डा चिरला. आत पांढराशुभ्र, घट्ट, पानाला पान चिकटलेलं. मग अण्णांचा घेतला. वरून कसा तुकतुकीत! पण विळी आत गेली आणि बायका मागे सरकल्या. आत काळी घाण, आणि तिच्यात वळवळणाऱ्या अळ्या. दुसरा चिरला, तिसरा चिरला, तीच गत. औषध वरच्या पानांवरून ओघळून गेलं होतं आणि अळी आत सुखात बसली होती. तिला टिपणारी पाखरं तर अण्णांनीच हाकलली होती.

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी फेटा काढला आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथे नको, गुणाजी. ज्या मोहरीला हसलास, तिच्याकडे जा."

पंगत पानांवर बसली होती. तिच्यामधून अण्णा खाली मान घालून चालत गेले ते थेट ठकूबाईच्या परसात. मोहरीच्या त्या उघड्या काड्यांपुढे त्यांनी मातीत डोकं टेकलं. मागोमाग ठकूबाई लगबगीने आली.

"चुकलो गं बाई," अण्णा म्हणाले.

"उठा अण्णा, पानं खोळंबलीत. भाजी वाढायला माणूस कमी आहे."

त्या दिवशी साऱ्या गावाला ठकूबाईच्या कोबीची भाजी वाढली ती गुणाजीअण्णांनी. मग वाढप्यांबरोबर, सर्वांत शेवटी ते जेवायला बसले, आणि पहिला घास त्यांनी पानाबाहेर ठेवला.