वाचलेलं पुस्तक

फार वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या लाकडी कपाटात कागद खाणाऱ्या कसरी राहत होत्या. दरवर्षी त्या सगळ्यांत चांगली कादंबरी निवडत आणि बाद झालेल्या कादंबऱ्या मिळून फस्त करत.

त्या वर्षी शेवटच्या यादीत तीन कादंबऱ्या उरल्या.

"पहिली मी पुठ्ठ्यासकट चाखली. झकास!" चिमी म्हणाली.

"दुसरीची तर आम्ही चाळण केली," सुंदरा म्हणाली. "तिसरीला मात्र एक भोक नाही. कुणाला आवडलीच नाही. बाद करा ती!"

म्हाताऱ्या द्वारकामावशीला आपल्या तरुणपणीचं, कणकेच्या खळीचा वास येणारं कपाट आठवलं. तिथंही एक पुस्तक असंच अख्खं राहिलं होतं. तिने विचारलं, "काय गं, त्या तिसरीतल्या नावाड्याचं शेवटी काय होतं?"

"घरी परततो, पण त्याला कुणी ओळखत नाही!" सगळ्या एकदम म्हणाल्या.

"म्हणजे शेवटपर्यंत गेलात की! मग खाल्ली का नाहीत?"

चिमी हळूच म्हणाली, "नादात खायचं राहूनच गेलं, मावशी."

मावशीचे डोळे भरून आले. "आमच्या वेळी," ती म्हणाली, "यालाच पुस्तक वाचलं म्हणायचे."